मेल खणात टाकायचा शॉर्टकट: आउटलूक, जीमेल की थंडरबर्ड?

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात दारामागे एक जुनं लाकडी कपाट आहे. चौकोनी खणांचं, प्रत्येक खणावर पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव. टपाल आलं की शिपाई उभ्याउभ्या वाटायचा, आणि नजर पुढच्या पाकिटावर असतानाच त्याचा हात बरोबर खणात जायचा. आता त्या खणांत छत्र्या आणि हेल्मेटं असतात. कागद सगळे मेलवर आले: बी.एल. (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, डी.ओ. (माल ताब्यात द्यायचा शिपिंग लाइनचा हुकूम), न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर कुठे अडकलाय त्याची खबर. दुपारच्या चहापर्यंत सव्वाशे-दीडशे मेल सहज होतात. एकेक माऊसने ओढून डावीकडच्या फोल्डरवर सोडायचा, तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. मध्येच बोट सुटलं तर मेल शेजारच्या पार्टीत.

म्हणून शॉर्टकट. आणि मग प्रश्न येतो, कुठला प्रोग्रॅम घ्यायचा? लोक शॉर्टकट किती आहेत ते विचारतात. मी म्हणेन, आधी तुमचे खण किती आहेत ते मोजा. कारण ‘हा मेल कुठे टाकू?’ हे तिघेही वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. आउटलूक आकडा मागतं, जीमेल नाव मागतं, आणि थंडरबर्ड म्हणतं, मघाशी टाकलात तिथेच ना?

आउटलूकपासून सुरू करतो, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या, क्लासिक आउटलूकपासून. त्यात 2010 च्या आवृत्तीपासून ‘क्विक स्टेप्स’ आहेत. एकदा बसून ठरवायचं की या बटणाने मेल वाचलेला समजायचा आणि अमक्या फोल्डरमध्ये टाकायचा, आणि त्याला कंट्रोल-शिफ्ट-1 द्यायचं. हवं तर त्यातच फॉरवर्डही जोडता येतं. बोटांना याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. आठवडाभरात 3 म्हणजे कुठली पार्टी हे डोक्याला विचारावं लागत नाही, त्या शिपायासारखं. पण आकडे 1 ते 9 एवढेच. दहाव्या पार्टीला कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून फोल्डरांची यादी उघडायची आणि बाणाच्या कळांनी उतरत जायचं. तिथे पहिलं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या फोल्डरवर उडी मारता येते, पण ‘श्री’ने सुरू होणाऱ्या अकरा पार्ट्या असतील तर उडी मारून तरी काय करणार? आम्ही फोल्डरच्या नावाआधी 01, 02 असे आकडे लावले, तेव्हा कुठे ती यादी माणसात आली.

नऊ खणांत ज्यांचं काम भागतं, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मॅक वापरणाऱ्यांनी तर आउटलूकही शोधू नये. ऍपलच्या मेलमध्ये फोल्डर फेव्हरिट्समध्ये ठेवला की कंट्रोल-कमांड आणि त्याचा आकडा दाबून मेल तिथे जातो.

जीमेलमध्ये आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कीबोर्ड शॉर्टकट चालू करावे लागतात. कित्येक जण वर्षानुवर्षं जीमेल वापरतात आणि हे त्यांना ठाऊकच नसतं. चालू केले की व्ही दाबा, एक छोटी पेटी उघडते, नावाची तीन-चार अक्षरं टाइप करा, एंटर. नावाच्या मधली अक्षरं टाइप केली तरी चालतं. खण नव्वद असोत की दोनशे, मेहनत तेवढीच. शिवाय जीमेलचा खण हा खरा खण नव्हे, चिठ्ठी आहे. एकाच मेलला पार्टीची चिठ्ठी आणि शिपिंग लाइनची चिठ्ठी अशा दोन्ही लागतात. एल दाबून चिठ्ठ्या लावायच्या, ई दाबून इनबॉक्समधून उचलायचा. आमच्या धंद्यात हे फार कामाचं, कारण ‘या लाइनचे सगळे डी.ओ. काढ’ आणि ‘या पार्टीचं सगळं काढ’ असे दोन्ही हुकूम एकाच दिवशी येतात. चुकलंच तर लगेच झेड.

सुधारायला इथे वाव जास्त आहे. सेटिंग्जच्या ‘ऍडव्हान्स्ड’ भागात ‘कस्टम कीबोर्ड शॉर्टकट्स’ चालू केलं की अक्षरं स्वतः बदलता येतात. त्याच भागात ‘ऑटो-ऍडव्हान्स’ आहे, ते आधी चालू करा. मेल हलवल्यावर यादीत परत न येता थेट पुढचा मेल उघडतो. माझ्या मते नव्या अक्षरांपेक्षा या एका खुणेने जास्त वेळ वाचतो.

एक खोट मात्र सांगायला हवी. जीमेल एका विषयाचे मेल एका गठ्ठ्यात बांधतं, आणि हलवलं की अख्खा गठ्ठा हलतो. महिनाभर त्याच ‘रिप्लाय ऑल’वर गप्पा मारणाऱ्या पार्ट्या असतील तर ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करा.

थंडरबर्ड फुकट, सहा मेल अकाउंट एका खिडकीत, आणि नेट गेलं तरी उतरवून ठेवलेले जुने मेल वाचता येतात. ए दाबलं की मेल आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या साठ्यात, तेही वर्षाच्या किंवा महिन्याच्या फोल्डरमध्ये लावून. 1 ते 5 दाबून रंगीत टॅग. आणि कंट्रोल-शिफ्ट-एम: मघाशी जिथे टाकला तिथेच हाही टाक. एकाच पार्टीचे वीस मेल ओळीने आले असतील तर याला तोड नाही.

ओळ तुटली की मात्र घोळ, आणि तो मी घातलाय. एका पार्टीचे सात मेल टाकले, बोटांना लय सापडली, आठवा न वाचताच दाबला. तो दुसऱ्याच पार्टीचा डी.ओ. होता, मुदत त्याच दिवशी संपणारा. डॉकवरून आमचा मुलगा फोनवर फोन करतोय आणि मी इनबॉक्स वरखाली करतोय. शेवटी कंटेनर नंबर सर्चमध्ये टाकला, चार अक्षरं आणि सात आकडे, तेव्हा सापडला. तेव्हापासून हा शॉर्टकट वापरायचा तर आधी यादी पाठवणाऱ्याच्या नावाने लावून घेतो.

(त्याच दिवशी हेही मनात आलं की प्रत्येक कागदावर असा नंबर असेल, तर खण हवेत कशाला? सगळं आर्काइव्ह करा आणि शोधा. मी हे शेठना सुचवून पाहिलं. पुन्हा सुचवणार नाही.)

नाव टाइप करून फोल्डर निवडायची सोय थंडरबर्डमध्ये हवी असेल तर ‘क्विक फोल्डर मूव्ह’सारखं ऍड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घालावं लागतं, आणि कळा बदलायच्या तर ‘टीबीकीज-लाइट’. दोन्ही घातल्यावर थंडरबर्ड जीमेलच्या जवळ पोचतं. पण ऍड-ऑन म्हणजे भाड्याची खोली. 2020 साली 78 व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची ऍड-ऑन्स चालणं थांबलं, आणि ज्यांचं सगळं त्यांच्यावर बसलं होतं त्यांना घडी पुन्हा बसवावी लागली. ऑफिसात संगणकाचं बघणारा कुणी असेल तरच या वाटेला जा.

एका अक्षराचे शॉर्टकट असलेल्या दोघांतही एक धोका आहे. कर्सर सर्चच्या चौकटीत आहे असं समजून तुम्ही थंडरबर्डमध्ये ‘जोशी’ इंग्रजीत टाइप केलं आणि कर्सर खरं तर यादीत असला, तर ‘जे’ची कळ दाबताच समोरचा मेल जंक ठरतो आणि एस दाबताच त्याला तारा लागतो. आउटलूकची कंट्रोल-शिफ्टची कसरत बोटांना जड, पण असा अपघात तिथे सहसा होत नाही.

आता मराठी टाइप करणाऱ्यांसाठी, कारण हे कुठल्याच तुलनेत कुणी लिहीत नाही. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डचा लेआउट (कळांची मांडणी) चालू राहिला असेल तर व्हीच्या कळीवर ‘न’ असतो आणि ईच्या कळीवर काना. एकअक्षरी शॉर्टकट मग भरवशाचे राहत नाहीत. आधी विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीवर या. फोल्डरची नावं देवनागरीत ठेवलीत तर नाव टाइप करायला पुन्हा मराठीवर जावं लागेल, म्हणून जीमेलवाल्यांनी नावाआधी इंग्रजी छोटं रूप जोडावं.

आउटलूकवाल्यांची अडचण वेगळी. मराठीचे दोन लेआउट, म्हणजे इन्स्क्रिप्ट आणि 2019 पासून विंडोज 10 मध्ये आलेला फोनेटिक, दोन्ही बसवलेले असतील तर नुसतं कंट्रोल-शिफ्ट दाबून सोडलं तरी विंडोज लेआउट बदलू शकतं. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम कंट्रोल-शिफ्ट-4 दाबायला जायच्या, 4 वर बोट पोचायच्या आत विचार बदलायचा, आणि मग पुढच्या पत्रात ‘सविनय’ऐवजी भलतंच उमटायचं. कीबोर्डच्या ऍडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ उघडून ती जोडी काढून टाकली. दोन मिनिटांचं काम होतं, त्या आठ महिने कीबोर्ड बदलून मागत होत्या.