घरी बनवलेला ट्रॅक्टरमागचा एरेटर, सप्टेंबर ते जुलै: वापरानंतरचा अनुभव

पैसे वाचतील म्हणून लॉन ट्रॅक्टरमागे ओढून गवताखालच्या जमिनीला भोकं पाडणारं हे यंत्र बनवायला घेऊ नका. चौकोनी पाईप, प्लेट, बेअरिंग, चमचे (माती उपसणारे पोकळ दात), नट-बोल्ट, रंग असं सगळं धरून मला खर्च जवळपास दुकानातल्या तयार एरेटरइतकाच आला, तोही निम्मं लोखंड भंगारातून उचलून. वेल्डिंग येत असेल, गॅरेजमध्ये जागा असेल आणि तयार यंत्राचा पातळ पत्रा बघून हात शिवशिवत असतील, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालेच्या दक्षिणेला राहतो. प्लॉट एकराचा. घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी सोडली तर तीसेक गुंठे नुसतं गवत. माती तांबडी. इथे तिला सेसिल म्हणतात आणि ती या राज्याची माती म्हणून ओळखली जाते. रंग बघून कोकणातलं माणूस हमखास फसतं. पण आपल्याकडची जांभ्यावरची माती पाणी पिते, ही पाणी परतवून लावते. त्यात घर बांधताना वरचा चांगला थर खरवडला गेलेला, उरलेल्या चिकणमातीवर बुलडोझर फिरलेला, त्यावर गवताच्या लाद्या अंथरलेल्या, आणि मग दर आठवड्याला आमचाच मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, तिला वरून दाबतोय. जोराचा पाऊस झाला की पाणी जमिनीत मुरायचं सोडून ड्राइव्हवेवरून वाहत रस्त्याला लागायचं.

एरेटरचं काम एवढंच: जमिनीतून दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या कांड्या उपसून वर टाकायच्या. त्या भोकांतून हवा, पाणी आणि बी खाली जातं, मुळांना पसरायला वाट मिळते. खिळ्यांचे रोलरही मिळतात, स्वस्तात मिळतात, पण खिळा माती काढत नाही, बाजूला दाबतो. चिकणमातीत त्याने भोकाच्या भिंती आणखी घट्ट होतात. त्यामुळे पोकळ चमचेच हवेत, हे आधीच ठरलं होतं.

चमचे मात्र मी विकत घेतले. तयार यंत्रांचे सुटे चमचे मिळतात, कडक केलेल्या पोलादाचे, एका बाजूने उघडे. बरेच जण पाईप तिरका कापून, टोक घासून दात बनवतात. साध्या पाईपची धार खड्याला लागली की जाते. शिवाय पाईप चारी बाजूंनी बंद, ओल्या चिकणमातीने तो गच्च भरतो आणि मग नुसता बोथट खुंटा होऊन फिरतो. उघड्या चमच्यातली कांडी पुढची कांडी आत शिरली की आपोआप बाहेर पडते. घरी बनवायचं म्हणजे स्क्रूसुद्धा घरीच घडवायचा, असा माझा हट्ट नाही.

रचना साधी आहे. रुंदी ३६ इंच. पाव इंची प्लेटमधून कापलेल्या सहा चकत्या, प्रत्येकीवर सहा चमचे, दोन चकत्यांमध्ये सहा इंच अंतर. वर चौकोनी पाईपची चौकट, तिच्यावर वजन ठेवायला जाळीचा ट्रे, पुढे ट्रॅक्टरला जोडायचा ड्रॉबार, मागे ने-आण करायला दोन हवेची चाकं आणि ती खाली-वर करायला लांब दांडा.

जीव ओतला तो दोन गोष्टींत. पहिली म्हणजे प्रत्येक चकती शाफ्टवर सुटी फिरते. वळताना बाहेरच्या चकतीला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्या चकतीला कमी. सगळ्या एकाच शाफ्टला वेल्ड केल्या तर वळणावर आतली चकती फिरण्याऐवजी घसटत जाते आणि गवत मुळासकट उचकटते. माझ्या यंत्रात चकतीगणिक पितळी बुश (शाफ्टभोवतीची नळी) आणि ग्रीस भरायचं निपल आहे. त्यासाठी लेथचं काम बाहेरून करून घ्यावं लागलं, आणि खर्चातला मोठा वाटा तिथेच गेला. मोठ्या वळणाला गवताला ओरखडा उमटत नाही. अगदी जागच्या जागी वळायचं असेल तर मात्र दांडा ओढून चमचे वर घ्यायचेच, त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, चमचे एका रांगेत नकोत. प्रत्येक चकती शेजारणीपेक्षा थोडी पुढे फिरवून बसवली आणि मगच चालवायला सुरुवात केली. सुटी फिरत असल्याने हा क्रम थोड्या वेळात मोडतो, पण एकदा मोडला की तो सहसा एका रेषेत येत नाही, हे पथ्यावरच पडतं. सगळे चमचे एकदम टेकले असते तर यंत्र उड्या मारत गेलं असतं.

आता वजनाबद्दल, कारण खरा खेळ त्याचाच आहे. चमचा किती खोल जाणार हे धारेपेक्षा त्या क्षणी जमिनीत असलेल्या प्रत्येक चमच्यावर किती भार येतो यावर ठरतं. माझं यंत्र रिकामं नव्वद पौंडांच्या आसपास. ट्रेमध्ये काँक्रीटचे पाच ब्लॉक ठेवले की एकूण साधारण २७० पौंड. एका वेळी सात-आठ चमचे जमिनीत धरले तर दर चमच्याला ३५ पौंडांच्या आसपास. चमचे वाढवले की भोकं वाढतील असं वाटतं, पण वजन तेवढंच असेल तर सगळेच उथळ जातात. म्हणून ४८ इंची यंत्राचा मोह टाळून ३६ वर थांबले. ब्लॉक आणखी चढवता आले असते, पण मग प्रश्न ट्रॅक्टरचा येतो. लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किती वजन ओढायचं याची मर्यादा दिलेली असते आणि साध्या हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सला तिच्या पलीकडे ताणलं तर तेल तापून ओढ कमी होते. उताराला तर मागचं ओझं ट्रॅक्टरलाच खाली ढकलतं. आमच्या मागच्या उतारावर मी अर्धे ब्लॉक उतरवून, आडवं न जाता सरळ खाली-वर चालवते.

आणि वाफसा नसेल तर हे सगळं वजन फुकट. कोरड्या मातीत चमचे अर्धा इंचसुद्धा जात नाहीत, यंत्र नुसतं खडखडतं. चिखलात गेलात तर कांडी सुटत नाही आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी जमीन आणखी दबते. एक-दोन दिवस आधी इंचभर पाऊस किंवा स्प्रिंकलरचं पाणी झालेलं असलं की अडीच इंचांच्या कांड्या निघतात, टोकाला खालची लालभडक माती दिसते. बघायला समाधान वाटतं.

ओढायच्या एरेटरची एक उणीव कोणी सांगत नाही. चौरस फुटाला २० ते ४० भोकं हवीत असं जाणकार सांगतात. माझ्या यंत्राची एका फेरीत चारच्या आसपास पडतात. तयार ओढायच्या यंत्रांचीही गत फार वेगळी नसते. म्हणजे उभं, आडवं, मग दोन्ही तिरप्या दिशांनी फिरवलं तेव्हा कुठे सोळाच्या घरात पोचते. भाड्याने मिळणारं मागून चालवायचं इंजिनवालं यंत्र एका फेरीत याहून पुष्कळ जास्त भोकं पाडतं. प्लॉट पाच-सात गुंठ्यांचा असेल तर तेच भाड्याने आणा, दुपारपर्यंत मोकळे व्हाल. माझ्यासारख्या तीस गुंठ्यांना ते यंत्र हाताने आवरणं म्हणजे संध्याकाळी खांदे निकामी, तिथे सीटवर बसून चार फेऱ्या परवडतात.

काम झाल्यावर लॉनवर मेंढ्या बसवून गेल्यासारखं दिसतं. कांड्या उचलायच्या नाहीत, दोन-तीन आठवड्यांत पाऊस आणि मोअर मिळून त्यांची माती करतात. बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाले, "एवढा जीव गवतावर? तेवढ्या जागेत कलमं लावली असतीस." हिवाळ्यात इथे शून्याखाली जातं हे त्यांना माहीत आहे, पण मुद्दा सोडवत नाही.

आमचं गवत टॉल फेस्क्यू, थंडीत वाढणारं. त्याचं एरेशन आणि पेरणी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. गणपतीच्या धामधुमीतच ते येतं. शेजाऱ्याचं लॉन बर्म्युडाचं, म्हणजे आपली हरळी. गावाकडे जी काढता काढता माणसं कुळवामागे म्हातारी झाली, ती इथे पैसे मोजून लावतात. दूर्वांसाठी मी त्याच्याचकडे जाते. त्याच्या गवताला एरेशन उन्हाळ्याच्या तोंडाला लागतं, म्हणून जूनमध्ये तो यंत्र घेऊन गेला. परत आलं तेव्हा चमचे धुऊन पुसलेले होते, माझ्या हातून कधी होत नाही इतके स्वच्छ.

जुलैपर्यंतचा हिशेब असा. ड्राइव्हवेकडे वाहणारं पाणी बंद झालेलं नाही, पण मध्यम पावसात आता ते गवतातच थांबतं. सप्टेंबरात भोकांत पडलेलं बी दाट उगवलं, मार्चमध्ये त्या जागा ठिपक्यांसारख्या उठून दिसत होत्या. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये पूर्वीपेक्षा जास्त अंतर चालतं. दमट उकाड्यात फेस्क्यूवर येणारी तपकिरी चट्ट्यांची बुरशी मात्र यंदाही आली. एरेशनचा आणि तिचा संबंध जोडू नका. मातीची आम्लताही भोकांनी बदलत नाही, त्यासाठी माती तपासून चुना टाकावा लागतो. राज्याच्या प्रयोगशाळेत एप्रिल ते नोव्हेंबर ही तपासणी फुकट होते.

यंत्राची तब्येत: चमच्यांचे बोल्ट ढिले होतात. साधे स्प्रिंग वॉशर पुरत नाहीत, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) टाकल्यापासून थांबलंय. बुशना प्रत्येक वापरानंतर ग्रीस हवंच, नाहीतर लाल माती आत जाऊन घासते. रंग चकत्यांवरून पहिल्याच दिवशी गेला, त्याचं दुःख करू नये, तेलाचा हात फिरवून ठेवावं. आणि चालवण्याआधी स्प्रिंकलरची तोंडं आणि उथळ पुरलेल्या वायरी यांच्याजवळ झेंडे खोचा. कुठे काय पुरलंय ते ८११ ला फोन केला की कंपन्यांची माणसं येऊन खुणा करून देतात, पण स्प्रिंकलरचे पाईप आणि कुत्र्यासाठी पुरलेली अदृश्य कुंपणाची तार त्यात येत नाही, ती आपली आपणच शोधायची.

दांडा मात्र बदलायचाय. ब्लॉक चढवलेले असताना चमचे वर उचलायला दोन्ही हात आणि पायाचा जोर लागतो, म्हणून सध्या ब्लॉक हातगाडीवर वेगळे नेऊन लॉनवरच चढवते. सप्टेंबरच्या आत तिथे ट्रेलरचा फिरकीचा जॅक बसवणार आहे.