टीकेइंटरची विंडो: आठ महिने वापरल्यानंतर

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका टॉवेल-चादरीच्या दुकानासाठी मी पायथनमध्ये बिल आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्याला आता आठ महिने झाले. एक कॉपी दुकानाच्या काउंटरवर, दुसरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्यांच्या गोडाऊनवर. दोन्हीकडे सकाळपासून रात्रीपर्यंत ते उघडंच असतं. स्क्रीनसाठी टीकेइंटर (पायथनमध्ये विंडो, बटणं बनवायचं साधन) घेतलं, कारण विंडोजवर ते पायथनबरोबरच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. बटणं आणि याद्या कशा करायच्या हे कुठेही शिकायला मिळतं. विंडो हलवणं आणि तिचा आकार बदलणं हा भाग मात्र मी किरकोळ समजत होते, आणि मला आलेले निम्म्याहून जास्त फोन त्याचेच निघाले.

पहिला फोन पहिल्याच दिवशी आला. मुनीमकाका म्हणाले, "ताई, यात सेव्हचं बटणच नाही की हो." दुकानातला लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा. मी विंडोची उंची ७२० दिली होती. ७६८ पेक्षा कमी आहे, म्हणून निश्चिंत होते. पण जॉमेट्रीत, म्हणजे विंडोचा आकार आणि जागा सांगायच्या आज्ञेत, आपण जी उंची देतो ती फक्त आतल्या भागाची असते. वरची टायटलची पट्टी त्यात मोजत नाहीत. पट्टीचे तीसेक पिक्सेल आणि खालच्या टास्कबारचे ४० वजा केले की हातात सातशेच्या आसपासच उरतात. बटण टास्कबारच्या मागे जाऊन बसलं होतं. त्या दिवसापासून उंची ५६० च्या वर नेत नाही आणि मिनसाइझ (याहून लहान होऊ नको, अशी मर्यादा) लावल्याशिवाय विंडो देत नाही.

ताणल्यावर आतल्या गोष्टींनी कसं वागायचं, हे ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या मांडणीत, फार छान सांगता येतं. चादर सिंगलची डबल झाली तरी काठ तेवढाच ठेवून मधला भाग वाढवावा, तसं. मालाची यादी ज्या ओळीत आणि रकान्यात आहे तेवढ्यालाच वेट (वाढीव जागेतला वाटा) १ द्यायचं, बाकी सगळं शून्यावर, आणि यादीला चारी बाजूंनी स्टिकी करायचं, म्हणजे कडांना चिकटवायचं. मग विंडो कितीही ओढा, यादी मोठी होते आणि बटणं जागची हलत नाहीत. यातलं एक जरी विसरलं, तरी विंडो वाढते आणि यादी लहानशीच पडून राहते: वेट विसरलं तर वरच्या डाव्या कोपऱ्यात, स्टिकी विसरलं तर मधोमध. ग्रिडबद्दल माझी एकही तक्रार नाही.

जागेचं प्रकरण जास्त खोल आहे. सुरुवातीला मी विंडो दर वेळी मधोमध उघडायचे. तेही आधी चुकलंच, कारण विंडो स्क्रीनवर काढून व्हायच्या आधी रुंदी विचारली तर टीकेइंटर १ सांगतं. तो १ धरून हिशेब केल्यावर विंडोचा कोपरा मधे आला आणि बाकी सगळी उजवीकडे खाली सरकली. आधी अपडेट-आयडलटास्क्स (राहिलेलं काढायचं काम उरकून घेणारी आज्ञा) बोलवायचं, मग रुंदी विचारायची, एवढाच उपाय.

मधोमध जमलं आणि मी खूश झाले. एक दिवस सकाळी दुकानात बसले होते. काकांनी उदबत्ती लावली, लॅपटॉप उघडला आणि पहिलं काम काय केलं, तर विंडो ओढून डाव्या कडेला नेली आणि उजवीकडून थोडी आत दाबली. उरलेल्या जागेत कॅल्क्युलेटर उघडला. रोज असंच करायचे. बिल डावीकडे, कॅल्क्युलेटर उजवीकडे. बोलता बोलता, न बघता हात तिथे जातो. माझं सॉफ्टवेअर त्यांची ही मांडणी रोज रात्री मोडत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच दुपारी विंडो बंद होताना जागा आणि आकार लिहून ठेवायची सोय केली.

हे टीकेइंटरमध्ये दिसायला सोपं आहे. जॉमेट्री काही न देता बोलवली की ती ९००×५६०+१२०+४० अशी ओळ देते (गुणिलेच्या जागी कोडमध्ये एक्स असतो): रुंदी, उंची, डावीकडून किती, वरून किती. तीच ओळ दुसऱ्या दिवशी परत द्यायची. पण जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या गर्दीत, मालकांनी गिऱ्हाइकांना डिझाइन दाखवायला डाव्या हाताला दुसरा मॉनिटर लावला. मुख्य स्क्रीनच्या डावीकडचे आकडे उणे असतात, त्यामुळे फाइलमध्ये +-११०० असं आलं. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून मी त्यातला अधिक काढून टाकला. तिथेच फसले. +-११०० म्हणजे डाव्या कडेच्याही ११०० बाहेर. नुसतं -११०० म्हणजे उजव्या कडेपासून ११०० आत. सकाळी विंडो दोन मॉनिटरच्या मधे फाटून उघडली.

अधिक परत लावला. मग गड्डा संपला, मॉनिटर गोडाऊनवर गेला आणि फोन आला की सॉफ्टवेअर उघडतच नाही. ते उघडत होतं, पण आता तिथे नसलेल्या मॉनिटरवर. काकांना फोनवरच सांगितलं: ऑल्ट-टॅबने ते निवडा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, एकदा बाणाचं बटण, आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून आली. हे ज्यांच्या दुकानात सॉफ्टवेअर आहे त्या प्रत्येकाला शिकवून ठेवा.

आता उघडताना मी आधी तपासते: विंडो मुख्य स्क्रीनच्या बाहेर जात असेल तर ओढून आत आणते. दुसऱ्या मॉनिटरवर मुद्दाम ठेवलेली जागा यात जाते, पण बिल न निघण्यापेक्षा ते बरं. विंडो पूर्ण मोठी करून बंद केली असेल तर तेवढंच लिहून ठेवते, आधीचे आकडे पुसत नाही.

जॉमेट्री एकदा हाताने दिली की आतला मजकूर वाढला तरी विंडो स्वतःहून वाढत नाही. एचएसएनचा (जीएसटीसाठीच्या मालाच्या कोडचा) रकाना घातल्यावर हे कळलं. जॉमेट्रीला रिकामी ओळ दिली की ती पुन्हा मजकुराप्रमाणे आकार घेते.

कॉन्फिगर इव्हेंटबद्दल, म्हणजे विंडो बदलल्याच्या सूचनेबद्दल, सावध राहा. विंडो हलली, ताणली की तो येतो, आणि ओढता ओढता एकामागून एक येतच राहतो. शिवाय मुख्य विंडोवर बांधला की आतल्या प्रत्येक बटणाचा, यादीचा कॉन्फिगरही तिथेच पोचतो. मी त्यात यादी नव्याने भरत होते. गोडाऊनवरच्या अक्का विंडो ओढायच्या आणि कॉम्प्युटर थिजायचा. इव्हेंट मुख्य विंडोचाच आहे का हे बघून, आफ्टरने (काम थोड्या वेळाने करायला सांगणारी आज्ञा) २०० मिलिसेकंद थांबून, नवा आला तर जुना रद्द करून काम केलं की सगळं सुरळीत होतं.

ओव्हररीडायरेक्ट लावून, म्हणजे विंडोजची टायटलची पट्टी घालवून, दुकानाच्या रंगाची स्वतःची पट्टी करून पाहिली. ओढायचं कोड दहा ओळींत जमतं, पण टास्कबारवरचं चिन्ह जातं, कडा धरून ताणता येत नाही. दोन दिवसांत काढून टाकलं.

राहिलं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं ठराविक टक्क्यांनी मोठं दाखवणं. गोडाऊनची स्क्रीन १९२० बाय १०८०, विंडोजमध्ये १२५ टक्क्यांवर. प्रोग्रामला ती १५३६ बाय ८६४ दिसते आणि अक्षरं पुसट येतात. सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजच्या आज्ञा बोलवायची सोय) डीपीआयची जाणीव चालू केली, म्हणजे मोठं करणं प्रोग्रामने स्वतः बघायचं, तीही मुख्य विंडो तयार व्हायच्या आधी, तेव्हा मराठी नावं स्पष्ट झाली. मात्र जपून ठेवलेले जुने आकडे लहान पडले आणि यादीच्या ओळींत वेलांट्या कापल्या जायला लागल्या. ट्रीव्ह्यूची, म्हणजे त्या यादीची, ओळ २० ची ३० करावी लागली.

क्यूटी या विंडो बनवायच्या दुसऱ्या साधनात जागा जपायची आणि परत आणायची तयार सोय आहे, स्क्रीनबाहेरची विंडो ती स्वतःच आत आणते. तीन-चार मॉनिटरचं काम आलं तर मी तेच घेईन. एक काउंटर, एक लॅपटॉप असेल तिथे टीकेइंटरच. साखर पेठेतून विंडोबद्दलचा शेवटचा फोन येऊन दोन महिने झालेत, आणि काकांचं बिल रोज सकाळी डावीकडेच उघडतं.