कथाप्रधान इंडी गेम: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी जवळजवळ फक्त कथेवर चालणारे इंडी गेम खेळतेय. छोट्या टीमने, कधी एकट्यादुकट्याने बनवलेले, बहुतेक दोन-चार तासांत संपणारे. यांत गोळीबार नाही, गुण नाहीत, हरणं-जिंकणंही फारसं नाही. 'मग यात खेळायचं काय असतं?' हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. काही गेमचा शेवट सांगितल्याशिवाय मला मुद्दा मांडता येणार नाही. ज्यांना काहीही माहीत नसताना खेळायचंय त्यांनी गेमचं नाव दिसताच तो परिच्छेद सोडून पुढे जावं.

माझं मत आधीच सांगते. हे गेम आतपर्यंत पोचतात ते हातांच्या वाटेने. यातल्या बऱ्याच कथा कागदावर उतरवल्या तर साध्या, थोड्या भाबड्याही वाटतील. पण गेम आपल्या बोटांना एखादी सवय लावतो, ती पुरती अंगवळणी पडू देतो आणि नेमक्या वेळी तीच काढून घेतो. हे वाचकाला किंवा प्रेक्षकाला अनुभवता येत नाही, कारण त्याचे हात मोकळे असतात.

याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (2013). दिग्दर्शक जोसेफ फारेस, मूळचा चित्रपटवाला. आजारी वडिलांसाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात, एवढीच गोष्ट. दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची कांडी, मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची, आणि दोघांना आपापल्या बाजूचं एकेक बटण. सुरुवातीला दोन्ही हातांचा मेळ बसत नाही, भाऊ एकमेकांवर आदळत राहतात. मग हळूहळू डावा हात म्हणजे दादा हे डोक्यात बसतं. धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण आई बुडाली तेव्हा तो तिथेच होता. म्हणून पाणी आलं की तो दादाच्या पाठीला धरतो आणि पोहण्याचं काम डाव्या हाताकडे येतं.

शेवटाकडे दादा मरतो. त्याला पुरायचं कामही आपल्यालाच करावं लागतं, माती ओढून ओढून. तिथून पुढे डाव्या हाताला काहीच काम उरत नाही, आणि ते सारखं जाणवतं. औषध घेऊन धाकटा घराच्या वाटेला लागतो तर मध्ये पाणी. उजवी स्टिक पुढे ढकलली तरी तो काठावर कचरतो. त्याचं बटण दाबावं तर काही होत नाही. मग कधीतरी डावं बोट दादाच्या बटणावर जातं, आणि पोरगं पाण्यात उतरून पोहायला लागतं. दादा आता याच्यात आहे हे एकही वाक्य न येता डाव्या तर्जनीला कळतं. मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले. या भावांची भाषाही बनवलेली आहे, जगात कोणालाच न कळणारी, त्यामुळे सबटायटल वाचत बसावं लागत नाही.

'व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच' (2017) मध्ये हीच युक्ती उलटी लावलेली आहे. फिंच कुटुंबातल्या एकेका माणसाचा मृत्यू आपण त्याच्याच जागी जाऊन खेळतो. त्यातला लुईस माशांच्या कारखान्यात कामाला आहे. एका हाताने मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, पुढे ढकलायचा. हे चालू असतानाच त्याच्या डोक्यातलं एक काल्पनिक राज्य पडद्याच्या कोपऱ्यात उघडतं आणि दुसऱ्या हाताने आपण त्यात फिरू लागतो. ते राज्य वाढत वाढत पडदा व्यापतं, कारखाना दिसेनासा होतो, आणि तरी पहिला हात मासे कापतच असतो. माणूस कामावर हजर असून तिथे नसणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही वर्णनाने इतकं पटलं नव्हतं. लुईसचा शेवट कसा होणार याचा अंदाज आलेला असतो आणि तरीही स्टिक पुढे ढकलणारे आपणच असतो.

'फ्लॉरेन्स' (2018) फोनवरचा, तासाभराच्या आत संपणारा. पहिल्या भेटीत बोलायचं तर संवादाच्या फुग्याचे तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच तुकडा उचलून ठेवायचा. पुढे भांडणं सुरू झाली की तुकड्यांना टोकं येतात आणि ते घाईने लावावे लागतात. समोरच्याच्या आधी आपलं वाक्य पूर्ण व्हावं म्हणून बोटं पळायला लागतात. भांडणात माणूस ऐकायचं का सोडतो ते इथे बोटांनी कळतं.

'अनपॅकिंग' (2021) मध्ये तर एकही माणूस दिसत नाही. 1997 पासून पुढे एक मुलगी घरं बदलत जाते आणि आपण फक्त तिची खोकी उघडून सामान लावतो. 2010 मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. तिचं पदवीचं प्रमाणपत्र लावायला तिथे भिंतीवर जागाच नाही. मी त्याच्या वस्तू सरकवून पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघरही पाहिलं. शेवटी ते पलंगाखाली जातं. तो माणूस कसा आहे हे त्याला न बघता समजलं. या गेमला कथनासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता असं मी ठामपणे म्हणेन.

'बिफोर युअर आइज' (2021) वेबकॅमवर तुमची पापणी बघतो. पापणी लवली की काळ पुढे उडी मारतो, कधी काही दिवसांची, कधी वर्षांची. आई काहीतरी सांगतेय, तुम्ही डोळे ताणून धरलेत, पाणी आलंय, आणि मिटतातच. चेहऱ्यावर चांगला उजेड पडेल असं बसून खेळा, नाहीतर कॅमेऱ्याला पापणी नीट दिसत नाही.

आता माझ्या मताला छेद देणारा गेम. 'टू द मून' (2011) आरपीजी मेकर या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेला, जुन्या धाटणीच्या ठोकळेबाज चित्रांचा. त्यात हातांना जवळपास कामच नाही, चालायचं आणि वाचायचं. तरीही मरणाच्या दारातला जॉनी आणि त्याची बायको रिव्हर यांची गोष्ट चटका लावून गेली. कागदी सशांचा ढीग आधी नुसता विचित्र वाटतो, त्यामागचं कारण उलगडतं तेव्हा आधीची सगळी दृश्यं नव्याने दिसतात. इथे काम करतं ते संगीत आणि उलट्या क्रमाने उघडणाऱ्या जॉनीच्या आठवणी. म्हणजे हातांशिवायही जमतं, पण त्यासाठी लेखन इतकं पक्कं लागतं. असं लेखन नसताना पियानो वाजवून रडवू पाहणारे गेमही या महिन्यांत बरेच हाती आले. कोणीतरी आजारी, हळू चाल, मंद सूर. त्यांतले अर्ध्यावर सोडले आणि त्याची खंत नाही.

'फायरवॉच'बद्दल (2016) दोन गट आहेत. 1989 च्या उन्हाळ्यात वायोमिंगच्या जंगलातल्या टेहळणी मनोऱ्यावर हेन्री आणि वॉकी-टॉकीवर त्याची वरिष्ठ डेलाइला. शेवटी दोघांची भेट होत नाही म्हणून अनेकांची चिडचिड झाली. मला तो शेवट अगदी खरा वाटला. हेन्री आजारी बायकोपासून पळून आलाय, त्याला बक्षीस म्हणून दुसरी बाई देणं हा खोटेपणा झाला असता.

'स्पिरिटफेअरर' (2020) या यादीत वेगळा, कारण तो लांब आहे. आपण स्टेला नावाची मुलगी होऊन खेळतो. मेलेल्यांना बोटीवर घ्यायचं, त्यांना घर बांधून द्यायचं, खाऊ घालायचं, मिठी मारायची आणि त्यांची वेळ झाली की पलीकडे सोडायचं. मध्येच कंटाळा येतो, लाकडं तोडून जीव वैतागतो. पण म्हातारी अ‍ॅलिस विसरायला लागते, स्टेलालाच आपली मुलगी समजते, तेव्हा त्या सगळ्या कष्टाचं मोल कळतं. ती गेल्यावर तिचं घर बोटीवर तसंच राहतं आणि रोजच्या कामात त्याच्यासमोरून जावंच लागतं. दोन तासांचा गेम ही रिकामी जागा तयार करू शकत नाही.

वापराबद्दल थोडं. हेडफोन लावाच. छोटे गेम एका बैठकीत संपवा. मध्ये आठवडा गेला की हातांची सवय मोडते आणि परिणाम अर्धा होतो. 'ब्रदर्स' कंट्रोलरवरच खेळा. पुन्हा खेळण्यात फारसं काही नाही, ते गृहीत धरून घ्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन तासांच्या आत खेळलेला गेम खरेदीपासून 14 दिवसांत परत करता येतो. पण दीड तासाचा गेम शेवटपर्यंत खेळून, आवडूनही परत करणं छोट्या टीमवर अन्याय आहे, कृपया तसं करू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी 'फ्लॉरेन्स' घ्यावा, मग 'अनपॅकिंग', आणि मग 'ब्रदर्स'. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (2016) मात्र मी आपणहून कोणाला सुचवत नाही. रायन आणि एमी ग्रीन यांनी कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहान मुलाबद्दल, जोएलबद्दल, तो बनवलाय. फार प्रामाणिक काम आहे, पण घरात नुकतंच मोठं दुखणं होऊन गेलं असेल तर तो राहू द्या, पुढे कधीही खेळता येईल.