गेटच्या पायात फेराइट मणी: सात महिने वापरल्यावर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये ई-रिक्षांचे ४८ व्होल्टचे चार्जर बनतात. हाफ ब्रिज (वरचा आणि खालचा स्विच आळीपाळीनं चालू होतात), ५० किलोहर्ट्झ, वर दोन आणि खाली दोन आयआरएफपी४६० मॉस्फेट समांतर. मॉस्फेट म्हणजे तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच: गेटच्या पायावर व्होल्टेज दिला की ड्रेन आणि सोर्स या पायांमधून करंट वाहतो. मागच्या उन्हाळ्यात तीन चार्जर मॉस्फेट उडून परत आले. तिन्ही वेळा खालच्या जोडीतला एक गेलेला आणि त्याचा गेट सोर्सला शॉर्ट. ड्रेनवरचा व्होल्टेज मर्यादेत होता, हीटसिंकही फार तापत नव्हता. मग गेटवरच संशय आला. जूनमध्ये सगळ्या गेटांच्या पायात फेराइटचे (चुंबकीय सिरॅमिकचे) छोटे मणी ओवले. आता जानेवारी संपत आलाय.

मणी मला आवडले. पण ते घालण्याआधी जे करावं लागलं, त्यातच निम्म्याहून जास्त काम झालं. नुसते मणी आणून चालणार नाही.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) लावला तेव्हा गेटच्या लहरीवर दाट केसाळ रिंगिंग, म्हणजे घंटेसारखी घुमत राहणारी थरथर, दिसलं. मी घाबरलो. भाचा कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकल शिकतो, तो शेजारी उभा होता. म्हणाला, "मामा, हे गेटचं नाही, प्रोबच्या शेपटीचं आहे." त्यानं मगरचिमट्याची ग्राउंडची वायर काढली, प्रोबच्या टोकाखालच्या रिंगला उघडी तार गुंडाळली आणि तिचं टोक थेट सोर्सच्या पायाला टेकवलं. केस गळून पडले! १५ सेंटीमीटरच्या त्या वायरचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) साधारण १५० नॅनोहेन्री, प्रोबची कपॅसिटी १२ पिकोफॅराड. दोन्ही मिळून १२० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजतात. हे तपासल्याशिवाय गेटला हात लावू नका. आणि एक जिवाची गोष्ट: ही बाजू मेन्सला जोडलेली असते. चार्जरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून (मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या) सप्लाय द्या आणि साध्या प्रोबनं फक्त खालचा गेट मोजा.

केस गेल्यावर खरं दुखणं दिसलं. गेटला दिलेला ड्राइव्ह १२ व्होल्टचा, पण शिखर १८ पर्यंत उसळत होतं, रिंगिंग १२ मेगाहर्ट्झच्या जवळ. डेटाशीटची मर्यादा २० व्होल्ट. थंड शेडमध्ये १८, तर रस्त्यावरच्या गरम, भरल्या लोडवर किती, याचा विचार करून झोप उडाली. कारण आमच्या बोर्डावरच होतं: दोन्ही मॉस्फेटांना मिळून ४.७ ओहमचा एकच रेझिस्टर. ड्रायव्हरकडून (गेट चालवणाऱ्या सर्किटकडून) येणारी उसळी तो दाबतो, पण एका गेटमधून दुसऱ्या गेटमध्ये झोके घेणाऱ्या करंटच्या वाटेत तो येतच नाही. त्या वाटेत फक्त तारांचं इंडक्टन्स आणि प्रत्येकी ४२०० पिकोफॅराडचे दोन गेट.

एकाच्या जागी प्रत्येक गेटला आपला १० ओहमचा रेझिस्टर दिला, तोही गेटच्या पायाला चिकटून. दोन दहा समांतर म्हणजे पाच, त्यामुळे स्विचिंगचा वेग जवळजवळ तोच राहिला. ड्रायव्हरपासूनच्या गेट आणि सोर्सच्या वायरी एकमेकींत पिळून निम्म्या लांबीच्या केल्या. शिखर १४ व्होल्टवर आलं.

तरी मिलर प्लॅटोवर (स्विच होताना गेटचा व्होल्टेज क्षणभर थबकतो तिथे) ४५ मेगाहर्ट्झची बारीक थरथर उरलीच. रेझिस्टर २२ चा करून पाहिला: थरथर गेली, पण पूर्ण लोडवर हीटसिंक ५८ अंशांवरून ६९ वर गेला. बडोद्याच्या मे महिन्यात ते ११ अंश मला परवडणारे नाहीत. मग १० ओहम ठेवून मणी ओवला. थरथर गेली, हीटसिंक ५९ वर. इथे मण्याची किंमत वसूल होते. खालच्या फ्रीक्वेन्सीला तो जवळपास नुसता तारेचा तुकडा, वर मात्र रेझिस्टरसारखा ऊर्जा खातो.

त्याच्या मर्यादाही बघितल्या. छोटा मणी एखाद-दोन अँपियरला सॅच्युरेट होतो (चुंबकीयदृष्ट्या भरतो आणि मग दाबत नाही), म्हणून करंटच्या शिखरावर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. रेझिस्टरची जागा तो घेत नाही. फेराइट ठिसूळ असतं. सप्टेंबरमध्ये एका चार्जरमध्ये मणी दुभंगलेला सापडला, कारण मीच पाय मण्याच्या तोंडाशी करकचून वाकवला होता. आता मणी आणि वाकण यांत दोन मिलिमीटर सोडतो. मँगनीज-झिंकचा मणी थोडी वीज वाहून नेतो आणि शेजारचा ड्रेनचा पाय ३२५ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून निकेल-झिंकचे घेतले आणि वर स्लीव्ह चढवली.

या बदलासह चौदा चार्जर बाहेर आहेत. दिवाळीत काही दिवसाचे अठरा-अठरा तास चालले. अजून एकही मॉस्फेट उडून परत आलेला नाही. नव्या बोर्डावर गेट रेझिस्टरची जागा पायापासून पाच मिलिमीटरच्या आत काढली आहे. वायरी गेल्यावर मणी लागतो का, हे त्याच बोर्डावर मण्यासह आणि मण्याविना मोजणार आहे.