५० एमएम एफ/१.८ लेन्स: अख्खी लग्नसराई वापरल्यावर

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ झूम लेन्स बॅगेत ठेवून यंदाची लग्नसराई बहुतेक या ५० एमएम एफ/१.८ वरच काढली. ही लेन्स जवळपास प्रत्येक कंपनीची मिळते आणि त्यातल्या त्यात स्वस्त असते, त्यामुळे कंपनीचं राहू द्या.

एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणजेच क्रॉप सेन्सर) एक मीटरवरून १.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, फोटो काढला की शार्प भाग मिळतो जेमतेम अडीच सेंटिमीटर. डोळा धरला तर कान गेलाच. एवढ्याशा जागेत काय घ्यायचं ते आपण ठरवायचं, आणि बघणारा मुकाट तिकडेच बघतो. घरच्या लग्नात चुडा भरताना एकाच जागेवरून दोन फोटो घेतले. एकात फोकस कासाराच्या बोटांवर, दुसऱ्यात नवरीच्या चेहऱ्यावर. पहिला बघून मावशी म्हणाली, "चुडा छान भरलाय हो!" दुसरा बघून तीच म्हणाली, "अगं बाई, दुखत होतं वाटतं हिला." बांगड्या दुसऱ्यातही आहेत, नुसता हिरवा धूर झालेल्या. त्यांचं कुणी नावही काढलं नाही.

अर्थात धूसर केलं म्हणजे गायब झालं असं नाही. मागे लाल एलईडीची माळ असेल तर ती कितीही ब्लर झाली तरी नजर खेचतेच. तिथे दोन पावलं सरकून माळ फ्रेमबाहेर काढावी लागते.

सगळ्यात जास्त छळलं ते मुंडावळ्यांनी. नवरा-नवरी जरा तिरके बसले की मोत्यांची सर डोळ्याच्या पुढे येते, आणि फोकस पॉइंट कॅमेऱ्यावर सोडला तर तो जवळचे मोती पकडतो. मोती एकेक मोजून घ्या, डोळे मात्र झोपाळू. आता सिंगल पॉइंट थेट डोळ्यावर ठेवतो. हॉलमधला उजेड कमी असला की फोकसची मोटर मागेपुढे घुटमळते, ते वेगळंच.

सगळंच शार्प हवं म्हणणारेही थोर होते. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफरांनी आपल्या गटाचं नावच 'एफ/६४' ठेवलं, म्हणजे इतकं बारीक छिद्र की जवळचं-लांबचं सगळं शार्प. त्यांच्या डोंगरांना ते शोभलं; आमच्या हॉलमध्ये मागे कूलर, रचलेल्या खुर्च्या आणि बुफेची रांग असते.

दोन रांगांच्या ग्रुप फोटोला मात्र छिद्र बारीक करून ५.६ तरी ठेवा, नाहीतर मागच्या रांगेतले काका वर्षभर ऐकवतील. आणि क्रॉप सेन्सरवर ही ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं. छोट्या खोलीत हळद असेल तर पाठ भिंतीला लागते, तिथे १८-५५ च काढावी लागते.