टॉप व्हेरियंटची ब्रँडेड सिस्टिम घ्यायची, की मधलं व्हेरियंट घेऊन साउंड बाहेरून करायचा?

गाडी बुक करायच्या आदल्या रात्री दाजींचा फोन. टॉप व्हेरियंटला आठ स्पीकरची ब्रँडेड सिस्टिम आहे, मधल्यात चार स्पीकर आणि जरा छोटी स्क्रीन, फरक लाखाच्या वर जातोय, काय करू? मी म्हटलं हे फोनवर नाही जमायचं, लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर एवढं लांबलं की म्हटलं अजून चार जणांच्या कामाला येईल.

तर पहिलं म्हणजे स्क्रीन आणि साउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शोरूममध्ये नेमकी याचीच गल्लत होते. स्क्रीनचं काम फोनला समोर आणणं. फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं आयफोनचं कारप्ले २०१४ ला आलं, अँड्रॉइड फोनचं अँड्रॉइड ऑटो २०१५ ला, तेव्हापासून मॅप, गाणी, मेसेज सगळं फोनच करतो, समोर दिसते ती फक्त खिडकी. खिडकी ७ इंची असो नाहीतर १० इंची, गाणं तेच. हां, एक फरक सांगण्यासारखा आहे, वायरलेस कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो लावलं की गाणं वाय-फायवरून जातं, ब्लूटूथ फक्त सुरुवातीची ओळख करून द्यायला लागतं, त्यामुळे नुसत्या ब्लूटूथवर जेवढं दाबून पाठवावं लागतं तेवढं इथे लागत नाही. कान तयार असेल तर टाळ-झांजांच्या आवाजात हे पटकन कळतं.

स्क्रीनच्या मागे असतो अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, नखाएवढ्या चिपचा. इथे डब्यावरचा आकडा वाचून लोक फसतात. "५० वॉट गुणिले ४" असं छापलेलं असतं ना? गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ ला १४.४ ने गुणा, ४ ने भागा, ५० च्या थोडं वर येतं. पण हा आकडा म्हणजे अ‍ॅम्प पार फाटून वाजताना जे निघेल ते. स्वच्छ आवाजात त्याचं निम्मं, आणि चिपमधला लॉस धरला तर चॅनेलला २० वॉटच्या आसपास. यात फसवणूक कोणाची म्हणायची, गणित बरोबरच आहे, फक्त कुठलं छापायचं ते त्यांनी ठरवलंय. म्हणून विचारायचं ते आरएमएस किती, म्हणजे सतत स्वच्छ वाजवताना किती वॉट निघतात. वेगळा अ‍ॅम्प बसवला की त्याच्या आत व्होल्टेज वाढवायची सोय असते, म्हणून त्यातून खरे ६०-७० वॉट निघू शकतात, आणि ते फक्त मोठ्या आवाजासाठी नाही तर हळू वाजवताना ढोलकीची थाप जशी पडायला हवी तशी पडण्यासाठी.

आता कंपनीची ब्रँडेड सिस्टिम. ही आयडिया जुनी आहे, बोसने १९८३ मॉडेलच्या कॅडिलॅकसाठी त्याच गाडीच्या मापाने सिस्टिम बनवून दिली तेव्हापासूनची, आणि तिचा खरा फायदा नावात नाही तर मापात आहे. गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या पायाशी, डावा त्याहून ५०-६० सेंटीमीटर लांब. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज दीड-पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण मेंदू एवढ्यावरच ठरवतो की गायक कुठे उभाय, आणि मग गायक तुमच्या उजव्या गुडघ्याजवळ बसून गातोय असं वाटतं. डीएसपी नावाचा प्रोसेसर जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावतो आणि गायक येऊन डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहतो. चांगल्या कंपनी सिस्टिममध्ये हे त्या केबिनमध्ये मोजून सेट केलेलं असतं, शिवाय वेग वाढला की आवाज आपोआप थोडा वाढणं, रिव्हर्स टाकला की गाणं कमी होणं, हे सगळं एकमेकांत गुंफलेलं. कुठे वायर कापलेली नाही, वॉरंटीला धक्का नाही.

पण सगळ्या ब्रँडेड सिस्टिम सारख्या नसतात हो. काही गाड्यांत जे नाव मिरवतात ते स्पीकरचं नसतंच. मारुतीच्या काही गाड्यांत आर्कामिस लिहिलेलं असतं, ती फ्रान्समधली कंपनी आहे आणि तिचं काम साउंडचं सॉफ्टवेअर, स्पीकर नाही. वाईट आहे असं अजिबात नाही म्हणत, पण नाव बघून स्पीकर भारी असणार असं धरून चालू नका. आणि जेबीएल, इन्फिनिटी, हर्मन कार्डन यांत भांडणारे मित्र असतील तर त्यांना सांगा की हे सगळं एकाच हर्मनच्या घरातलं आहे, आणि ते घर २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. "आठ स्पीकर" पण नीट मोजा. चार दारांत चार आणि चार ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, झाले आठ. फक्त बेससाठीचा सबवूफर आणि वेगळा अ‍ॅम्प आहे का, हा प्रश्न सेल्समनला विचारा, बऱ्याचदा तो आत जाऊन कोणाला तरी विचारून येतो.

आता बाहेरून करणं. इथे दोन रस्ते आहेत आणि लोक हमखास चुकीचा धरतात. पहिला म्हणजे आहे ती स्क्रीन काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाकणं. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड स्क्रीन म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा, रॅमचे आकडे केवढे, आणि आवाजाचा अ‍ॅम्प जेमतेम. मी स्वतः आधीच्या गाडीला हे केलं होतं. फिटिंगवाल्याने कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचा प्लग, न वापरता दोन-तीन वायरी कापून पिळून टेप मारली, स्टिअरिंगवरची बटणं गेली, आणि गाडी बंद केली तरी ती स्क्रीन पूर्ण झोपायचीच नाही, दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी खलास. सोसायटीच्या वॉचमनने किती वेळा धक्का मारला असेल. शिवाय माइक स्क्रीनमध्येच असल्याने फोनवर समोरचा म्हणायचा विहिरीतून बोलतोयस का. आणि आताच्या गाड्यांत तर एसी, ३६० कॅमेरा, गाडीची निम्मी सेटिंग त्याच स्क्रीनमध्ये आहेत, तिला हात लावूच नका.

दुसरा रस्ता म्हणजे स्क्रीन कंपनीचीच ठेवायची आणि पैसे दारांत घालायचे. हे ऐकायला बोअर आहे, दिसत पण नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही. पण आवाज तिथेच आहे. दार म्हणजे स्पीकरचं खोकं, आणि कंपनीकडून येतं ते पत्र्याचं, आतून भोकं असलेलं. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढचा बेस खाऊन टाकतो, उरलेला पत्रा थरथरवतो. डॅम्पिंग म्हणजे ब्यूटाइल रबराची चिकट शीट, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा, ती बाहेरच्या पत्र्याला लावायची आणि आतली भोकं बंद करायची. पुढची दोन दारं नीट केली की तोच जुना स्पीकर वेगळा वाजतो, आणि दार लावताना धप्प असा आवाज येतो तो बोनस. मग पुढच्या दारात कंपोनंट स्पीकर, म्हणजे वूफर खाली, ट्विटर वर आरशाजवळ आणि मध्ये क्रॉसओव्हर, जो जाडा आवाज खाली आणि बारीक आवाज वर वाटून देतो. मागच्या दारांवर आधी खर्च करू नका. त्यानंतर हौस उरली तर डीएसपीवाला छोटा अ‍ॅम्प, जो कंपनीच्या स्पीकर वायरमधूनच सिग्नल घेतो, कपलरवर बसतो आणि काढायचा म्हटलं तर निघतो. कंपनीच्या बऱ्याच स्क्रीन आवाज वाढवला की बेस मुद्दाम कापतात, बारके स्पीकर फाटू नयेत म्हणून, ते पण यातून बऱ्यापैकी सुधारता येतं.

सबवूफरचं गाडी बघून ठरवा. सीएनजी असेल तर डिकी टाकीनेच भरलेली, तिथे १२ इंची बॉक्स कुठे ठेवणार, सीटखालचा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर घ्या, म्हणजे ज्यात अ‍ॅम्प आतच असतो. गणपतीची मिरवणूक त्यात नाही निघणार, पण तबल्याचा डग्गा गोल ऐकू येतो. बॅटरीपासून वायर ओढली तर बॅटरीजवळच फ्यूज हवाच, आणि वायर खरी तांब्याची घ्या, स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. आणि सहा एअरबॅगवाली गाडी असेल तर काचेच्या बाजूच्या पिलरमधून वायर नेताना पडद्याची एअरबॅग तिथेच दुमडलेली असते, वायर तिच्यावरून जाता कामा नये. फिटिंगवाला "काही होत नाही" म्हणाला की दुकान बदला.

मग घ्यायचं काय? टॉपमधल्या बाकीच्या गोष्टी, सनरूफ, कॅमेरे, व्हेंटिलेटेड सीट, तुम्हाला हव्याच असतील तर सिस्टिम सोबत आली असं समजा आणि बिनधास्त घ्या, तिला बाहेरचं काही जोडू नका. फक्त गाण्यासाठी टॉप घेत असाल तर मी नाही घेणार. मधलं घेऊन फक्त पुढची दारं आणि स्पीकर केले तरी लाखाच्या पाव भागाच्या आतच खर्च होतो, अ‍ॅम्प धरूनही अर्ध्याच्या पुढे सहसा जात नाही. गाडी तीन-चार वर्षांत विकणारे असाल, किंवा गाडीत मुख्यतः फोन आणि बातम्याच चालत असतील, तर काहीच करू नका, आहे ते पुरतं.

आणि दाजी, उद्या टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या पेनड्राइव्हवरचं गाणं ऐकू नका, ते नेहमीच भारी वाजतं. स्वतःचा फोन जोडा, इक्वलायझर सपाट करा, काचा वर, एसी दोनवर, गाडी रस्त्यावर घ्या. पाच मिनिटं तुम्ही ऐका आणि मग ताईला मागच्या सीटवर बसवून ऐकवा. कंपनीची आठ स्पीकरवाली सिस्टिम मागे खरंच जास्त चांगली वाजते, माझं दारांचं गणित सगळं पुढच्या सीटचं आहे. ती मागेच बसणार असेल पोरांबरोबर, तर तिचं मत माझ्यापेक्षा वर धरा, हप्त्यात तिचाही पगार आहे.