सोपाऱ्याचा फेरा, रिक्षाने

वसईत सून म्हणून येऊन मला बावीस वर्षं झाली, पण नालासोपारा म्हणजे आमच्या लेखी लोकलची गर्दी. परवा मावशीला घेऊन अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवली. ९०० रुपये, घासाघीस न करता.

आधी बुरुड राजाचा कोट. १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी इथला बौद्ध स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, सर्वांत आतला सोन्याचा. आता विटांचा उंचवटा तेवढा उरलाय. फलक वाचेपर्यंत मावशी म्हणाली, "एवढंच गो?" एवढंच. अशोकाच्या आज्ञालेखाचा सोपाऱ्याला सापडलेला तुकडा बघायचा तर मुंबईच्या संग्रहालयात जावं लागतं.

चक्रेश्वराच्या तळ्यावर मात्र तिचे पाय निघेनात. देवळाजवळच्या जुन्या मूर्तींत एक ब्रह्मदेव आहे, जवळजवळ माणसाच्या उंचीचा. दाढीच्या बटा अजून मोजता येतात. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या होत्याच, तरी वारा गार होता.

रिक्षावाला भला माणूस, पण त्याला स्तूप ठाऊक नव्हता. दोनदा भलत्याच गल्लीत नेलं, वर थांबण्याचे १०० जास्त मागितले. दिले नाहीत.

वसई किल्ला शेवटी ठेवू नका. १७३९ ला चिमाजी आप्पांनी घेतलेला हा किल्ला भर उन्हात तासाभरात उरकला, मावशी अजून कुरकुरतेय. पाणी, टोपी न्याच. परतताना सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्या.